बंदी पाळूनही मासळी कमी का?

प्रश्न : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत आमच्या होड्या बंदच असतात, तरी बांगडा, तारली पूर्वीसारखी का गावत नाही? – एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, बंदी हवीच, पावसाळ्यात बरेच मासे अंडी घालतात. पण अरबी समुद्र तापतोय, वरचं पाणी गरम आणि हलकं झालं की खालचं थंड, खतवालं पाणी नीट वर येत नाही, मग प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) कमी आणि प्लवकच तर तारलीचं खाणं! त्यात बंदी उठली की लहान आसाच्या (बारीक भोकांच्या) जाळ्यात पिल्लंसुद्धा ओढतात, एलईडी दिवे लावून पर्ससीन (मासळीचा थवा वेढून ओढणारं मोठं जाळं) चालते, हे मला अजिबात पटत नाही. जाळ्याच्या आसावर कडक तपासणी हवी आणि खाडीतली कांदळवनंही राखायला हवीत, कितीतरी पिल्लं तिथेच वाढतात.