फिल्टर आणखी आवळू नका, आधी काढून बघा

तुमची गाडी १९९६ ची माझदा मियाटा, १.८ लिटर इंजिन. पहिल्यांदाच घरी ऑइल बदललंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवर ताटाएवढा डाग. फिल्टरभोवती सगळं ओलं. मग पाना लावून फिल्टर आणखी अर्धा फेरा आवळलात, तरी गळतंय.

आता तो आणखी आवळू नका आणि इंजिनही सुरू करू नका. या इंजिनात सगळं मिळून जेमतेम चार लिटर ऑइल असतं. त्यातलं लिटर-दीड लिटर गेलं तर वळणावर पंपाला हवा ओढायला वेळ लागत नाही. काट्यावरही विसंबू नका. १९९४ पर्यंतच्या मियाटात ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवायचा. १९९५ पासून तो नुसता नावाला आहे: किमान दाब मिळाला की मध्यावर येतो आणि तिथेच बसतो. फिल्टरमधून धार लागली असली तरी तुम्हाला काटा मध्यावरच दिसेल.

माझा पहिला संशय जुन्या रबरी रिंगवर आहे. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग कधीकधी इंजिनाला चिकटून राहते. फिल्टर इंजिनावर जिथे टेकतो त्या काळ्या, तेलकट बैठकीवर काळी रिंग, तीही खालून हात वर घालून चाचपायची. डोळ्यांना दिसतच नाही. तिच्यावर नवा फिल्टर बसला की रिंगवर रिंग येते. हाताला घट्ट लागतं, पण वरच्या रिंगला खाली धातू मिळत नाही, मिळतं ते गुळगुळीत रबर. थंड इंजिन सुरू होताना ऑइल जाड असतं आणि दाब सर्वांत जास्त असतो. तेव्हाच त्यातली एक रिंग बाहेर सरकते.

माझ्या ९४ च्या गाडीवर मी हेच केलं होतं. बायको स्टिअरिंगवर, मी जमिनीला गाल लावून बॅटरीच्या उजेडात बघतोय. किल्ली फिरवली, पाच-सहा सेकंद सगळं कोरडं, आणि एकदम फिल्टरच्या कडेतून ऑइलचा पंखाच फुटला. मी ओरडलो, तिनं लगेच बंद केलं, तरी ड्राइव्हवेवर थारोळं झालं होतं. ते टिपायला मांजराच्या वाळूची अख्खी गोणी लागली. फिल्टर काढला तर दोन रिंगा एकमेकींना चिकटलेल्या, आतली लंबुळकी झालेली. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की दुसरं काहीही करायच्या आधी तो उलटा करून त्यावर रिंग आहे ना ते बघतो. नसेल तर ती इंजिनावरच आहे.

आता तुमचं काम. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. उजवं पुढचं चाक काढलं तर इनटेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली, फिल्टरपर्यंत हात नीट पोचतो. खालून धडपडण्यापेक्षा मला हीच वाट आवडते. फिल्टर आडवा असल्यामुळे सैल होताच ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं आणि खालच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर, सांडतं. म्हणून आधी क्रॉसमेंबरवर ॲल्युमिनियम फॉइलची पन्हळ करून तिचं तोंड डब्यात सोडा. फिल्टर सैल झाला की त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीसकट फिरवून काढा.

मग बैठक पुसा. स्वच्छ, धागे न सोडणारं फडकं घ्या, पूर्ण गोल फिरवा आणि शेवटी नखानं चाचपा. चिकटलेली रिंग नखाला कड म्हणून लागते. आटे असलेली मधली नळी जागेवर घट्ट आहे ना तेही बघा, कधीकधी ती जुन्या फिल्टरबरोबर फिरून सैल होते.

पान्यानं आवळलेला फिल्टर पुन्हा वापरू नका. त्याची रिंग आता चेपली असेल किंवा खाचेतून सरकली असेल. नवा घेताना आट्यांचं माप बघा. मियाटाला २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे लागतात. पुष्कळ अमेरिकन इंजिनांना पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे असतात. फिल्टर बाहेरून सारखेच दिसतात. पाऊण इंचाचा फिल्टर तुमच्या नळीवर चढणार नाही, जोर केलात तर आटे खराब होतील. उलटी चूक जास्त वाईट: २० चा फिल्टर पाऊण इंचाच्या नळीवर ढिला का होईना पण चढतो, आणि दाब आला की उडतो. घरात दुसरी गाडी असेल तर दोघींचे फिल्टर एका फळीवर ठेवू नका.

नव्या रिंगला बोटानं नवं ऑइल लावा, पूर्ण गोल. कोरडं रबर धातूवर घासतं, पिळवटतं आणि घट्ट झाल्याचा भास देतं. पहिले दोन-तीन आटे बोटांच्या टोकांनी सहज फिरायला हवेत. अडलं तर मागे घ्या, पुन्हा लावा. रिंग बैठकीला टेकली की थांबा, फडक्यानं हात आणि फिल्टर पुसा, फिल्टरवर मार्करनं एक रेघ मारा आणि तिथून पाऊण फेरा हातानं आवळा. तुमच्या फिल्टरच्या डब्यावर वेगळा आकडा छापला असेल तर तो माना. पाना फक्त काढण्यासाठी.

आता क्रॉसमेंबर आणि इंजिनाची बाजू ब्रेक क्लीनरनं धुऊन वाळू द्या, इंजिन थंड असतानाच. हे बरेच जण सोडून देतात. मग आधीचं सांडलेलं ऑइल दोन-तीन दिवस ठिबकत राहतं आणि फिल्टर गळतोय असं वाटून माणूस पुन्हा पाना उचलतो. ऑइलची पातळी बघून लागेल तेवढं भरा. तीस सेकंद इंजिन चालवा, कुणाला तरी कडेनं फिल्टरवर उजेड धरून बघायला सांगा, बंद करा, बोट फिरवा. कोरडं असेल तर पाच मिनिटं चालवा आणि पुन्हा पातळी बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा.

सकाळी पुठ्ठ्यावर थेंब असतील तर ते कुठे आहेत बघा. सम्पच्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या) ऑइल सोडायच्या बोल्टखाली असतील तर तिथला वॉशर बदललाय का? तो दर वेळी नवा घालायचा. नेमकं कळत नसेल तर संशयाच्या जागी बेबी पावडर उडवा. ऑइल जिथून निघतं तिथून पावडरीत काळी वाट दिसते. आणि थेंब मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे असतील, तर फिल्टरला हात लावू नका. तुमच्या मॉडेलमध्ये हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती मोजणारा) आहे, त्याची छोटी ओ-रिंग वयानं कडक होऊन गळते. मिस्त्री बऱ्याचदा ती गळती क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलची समजून गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. तसं कुणी सांगितलं तर काम सुरू करण्याआधी त्या सेन्सरखालचा फोटो इथे टाका.