जर्मनीला सिव्हिल करायचंय? आधी हे बघ

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे तू अर्धंच ऐकलंयस. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, खरंय. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्याकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवायचे. काकांना हा आकडा आधी सांग.

नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश नाही, आधी वर्षभर श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड निघाली तर ते वर्ष वाचतं.

खरी मेख भाषेत आहे. सिव्हिलची बॅचलर डिग्री बहुतेक जर्मनमध्येच. मी कॉलेज रोडला क्लास लावून बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, केलं आणि वाटलं, जिंकलो! जर्मनीतल्या पहिल्याच प्रॅक्टिकलला तोंडात मारल्यासारखं झालं. आपण शंकू उचलून काँक्रीट किती खचलं ते मोजतो. तिथे ते काँक्रीट टेबलावर ठेवून टेबल पंधरा वेळा आपटतात नि किती पसरलं ते बघतात. सगळे आपटत होते, मी नुसता मान डोलावत होतो.

परत नाशकात काम करायचं असेल तर आयएस ४५६ (आपल्याकडचं काँक्रीटचं मानक) स्वतःच वाच, तिथे युरोकोड, म्हणजे युरोपची मानकंच शिकवतात.

एपीएसचा, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचा, अर्ज लवकर टाक. मार्कशीट आणि पासपोर्टवर नाव सारखंच आहे ना, ते आज रात्रीच बघ.