टीपीएन चालू असताना नातेवाइकांनी काय बघावं?

आतड्याच्या ऑपरेशननंतर वडिलांना शिरेतून पोषण, म्हणजे टीपीएन, लावलंय आणि त्यात धोका नेमका कुठे असतो, असं तुम्ही विचारलंय. सगळ्यात आधी लाइन. सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, साखर आणि चरबी थेट रक्तात जाते, जंतू शिरले तर त्यांची चंगळच. म्हणून तिचा एक मार्ग फक्त टीपीएनसाठी राखून ठेवतात. त्यातून इतर औषधं देणं, रक्त काढणं टाळायचं. हात धुऊन, जोडाचं तोंड स्पिरिटने नीट घासून, ते सुकल्यावरच नळी जोडायची. थंडी वाजून ताप आला तर लगेच सांगा, 'व्हायरल असेल' म्हणत बसू नका.

पिशवीवरचं नाव आणि तारीख वाचा. दुधासारखा रंग चरबीमुळे, तो ठीक. पण वर पिवळसर तेल तरंगताना दिसलं तर ती पिशवी लावू देऊ नका. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन झालेले कण मात्र त्या पांढऱ्यात दिसतच नाहीत. अशा कणांमुळे मृत्यू झाल्यावर 1994 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, इशारा दिला होता. त्यासाठीच 1.2 मायक्रॉनचा फिल्टर लावतात. तो आहे का, हे बिनधास्त विचारा.

बरेच दिवस पोटात काही नसेल तर कॅलरी हळूहळूच वाढवतात. एकदम दिल्या की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन उतरतं. 'लवकर ताकद येऊ दे' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. शुगर वेळेवर तपासतायत ना, तेवढं बघा. आणि पिशवी ठरलेल्या वेळेच्या मागे पडली म्हणून पंपाचा वेग कुणी वाढवायचा नाही.