वर्षाचं धान्य भरायला एफडी मोडावी का?

नाशिकहून एका ताईंनी विचारलं आहे: घरात पाच माणसं, मिस्टरांचा पगार ३६ हजार, बँकेत ५० हजारांची एकच एफडी आणि हातात जेमतेम ६ हजार. सासूबाईंचा आग्रह आहे की पावसाळ्याआधी नेहमीसारखी वर्षाची साठवण करून टाकावी. मार्केट यार्डातल्या होलसेलवाल्याची यादी ३४ हजारांची झाली. मिस्टर म्हणतात, एफडी राहू द्या, क्रेडिट कार्डावर बारा हप्ते करू. जूनमध्ये दोन्ही मुलांच्या शाळेचे १४ हजार भरायचेत. काय करावं?

ताई, तुम्ही प्रत्येक जिनसाचा होलसेलचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला, असे दोन्ही भाव लिहून पाठवलेत, म्हणून नेमकं उत्तर देता येतंय. ती यादी मी ओळीनं तपासली. गहू २५० किलो, ३४ रुपयांनी. दुकानात ४० पडतो. म्हणजे ८,५०० रुपयांत १,५०० वाचतात. वर्षाची मिरची आणि मसाला ५ हजारांत होतो, पाकिटं आणली तर ६ हजार जातात. तांदळात ४०० वाचतात, तूरडाळीत ५००, तेलाच्या चार डब्यांत ४००. सगळी मिळून बचत ३,८०० रुपये.

आता कार्डाचं बघा. ३४ हजारांचे बारा हप्ते १५ टक्क्यांनी धरले तर व्याज सुमारे २,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ३,३०० रुपये. प्रोसेसिंग फी वेगळीच. वर्षभर ऊन दाखवायचं, निवडायचं, पाखडायचं आणि त्याची बचत बँकेला द्यायची, हे मला पटत नाही. कार्ड नकोच.

एफडी मोडणं व्याजाच्या हिशेबानं स्वस्त आहे, पण माझी काळजी वेगळी आहे. ३४ हजार धान्यात आणि १४ हजार शाळेत गेले की जूनच्या शेवटी तुमच्या घरात ८ हजार उरतात. त्यात मिस्टरांचा एखादा पगार लांबला किंवा सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, तर गव्हाचा कट्टा विकून पैसे उभे राहत नाहीत. ती एफडी हाच तुमच्या घराचा आधार आहे. तिला हात लावायचा तर फार विचारपूर्वक.

म्हणून मी यादीच कापतो. सासूबाईंची सवय चुकीची नाही. पूर्वी पावसाळ्यात रस्ते बंद व्हायचे आणि पैसा पीक निघाल्यावरच हातात यायचा, तेव्हा बेगमी एकदाच करावी लागे. तुमच्या घरात पगार दरमहा येतो, आणि प्रत्येक पिकाचा हंगामही वेगळा आहे. गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तेव्हा आत्ता भरणं बरोबर. मिरचीही याच दिवसांत वाळून बाजारात असते, आणि तिखट कुटायला कडक ऊन लागतं. तांदूळ मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. इगतपुरीकडचा इंद्रायणी तेव्हाच घ्यावा. नवा भात चिकट होतो अशी तुमच्याकडे तक्रार असेल तर तो काही महिने घरीच मुरू द्या, जुन्या तांदळाचे जादा पैसे वाचतील. एप्रिलमध्ये तांदूळ घेऊन फक्त ४०० वाचतात, त्याचं कारणही हेच.

तूरडाळ वर्षाची भरूच नका. तिचा भाव मोझांबिक आणि म्यानमारहून किती तूर येते यावरही हलतो. २०२४ च्या मध्याला डाळ किलोला दीडशेच्या वर होती, पुढच्या वर्षभरात ती बरीच उतरली. त्या वेळी ज्यांनी ५० किलो भरली, त्यांनी महाग डाळ वर्षभर खाल्ली. दोन महिन्यांची आणा, तेवढं पुरे. तेलाला असा हंगाम नाही, शिवाय ते खवट होतं. ४०० रुपयांसाठी ९,६०० अडकवायचे नाहीत.

राहिला गहू आणि मिरची-मसाला: १३,५०० रुपये. ६ हजार हातात आहेत, ७,५०० कमी पडतात. एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. बहुतेक बँका एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीनं देतात आणि एफडी जागेवर राहते. महिन्याला १,२५० फेडले तर सहा महिन्यांत संपतं, व्याज २०० रुपयांच्या आसपास जाईल. शाळेच्या १४ हजारांचा विषय यात घेऊ नका. ते दोन टप्प्यांत भरता येतील का, हे शाळेला आत्ताच विचारा.

१,२५० आणायचे कुठून? इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. गहू आणि मसाला घरात आला की दरमहाच्या किराण्यातून सुमारे १,३०० रुपये कमी व्हायला हवेत: साधारण २१ किलो गव्हाचे ८३० आणि मसाल्याच्या पाकिटांचे ५००. पण होतं काय, की किराण्याचा आकडा तेवढाच राहतो आणि मोकळे झालेले पैसे बिस्किटं, फरसाण, एखादी जादाची वस्तू यांत जातात. साठवण केली पण हातात काही दिसत नाही, असं मला कितीतरी गृहिणी सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. पगार झाल्या दिवशी ते १,३०० आधी बाजूला काढा. कर्ज फिटलं की तेच पैसे बँकेत रिकरिंगला लावा. मग पुढच्या एप्रिलच्या गव्हाचे बरेचसे पैसे तयार असतील.

एक धोका सांगायला हवा. ५० किलोचा एक कट्टा किडला तर १,७०० रुपये गेले, म्हणजे गव्हातली सगळी बचत पाण्यात. तेव्हा गहू कडक उन्हात वाळवा, पण गरम गरम कोठीत भरू नका. रात्रभर गार होऊ द्या, नाहीतर आत घाम सुटतो. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण सुकवूनच घाला. बाजारात गोदामासाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात, त्या घरात कोणीही, कितीही आग्रह केला तरी आणू नका. त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद घरात त्यानं माणसं दगावली आहेत. मुलं त्याच खोलीत झोपत असतील, तर हे वाक्य कृपा करून सासूबाईंना आणि मिस्टरांना दोघांनाही वाचून दाखवा.

कोठीला जागा किती आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवावी लागणार असेल, तर २५० नाही, १२५ किलोच घ्या. बचत ७५० होईल, आणि कर्जही निम्म्याहून कमी, ३,२५० रुपयांचंच लागेल.