हौशी कॉयरमध्ये (समूहगायनाच्या गटात) मला आल्टोंचं, म्हणजे बायकांमधल्या खालच्या आवाजाच्या गटाचं, सेक्शन लीडर केलंय, पण माझा आवाज काही सगळ्यांत चांगला नाही. नेमकं काम काय असतं?

आवाज सगळ्यांत चांगला नाही, हे बरंच आहे. मी बासचा, म्हणजे पुरुषांमधल्या सगळ्यांत खालच्या आवाजाचा, लीडर झालो तेव्हा वर्षभर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात गायचो, आणि हाच आधार असं समजायचो. एका तालमीला घसा बसला म्हणून गप्प राहिलो, तेव्हा कळलं की बाकी कुणालाच ओळ येत नाही. सगळे माझ्या आवाजामागे लपले होते.

काम मुख्यतः कानाचं आहे. कंडक्टर चारही आवाज (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) एकत्र ऐकतो. आल्टोंमध्ये कुणीतरी अर्धा स्वर खाली घेतंय हे त्याला जाणवलं तरी नेमकं कोण ते कळत नाही. शेजारी उभं असल्यामुळे तुम्हाला कळतं. आणि ते लवकर पकडावं लागतं, कारण चुकीचा स्वर तीन-चार तालमी तसाच गायला गेला की तोच पाठ होतो. आल्टोंची पंचाईत तर वेगळीच. तुमची ओळ मधली, बरेचदा दोन-तीन स्वरांभोवतीच घुटमळणारी, आणि कानात मात्र सोप्रानोंची, म्हणजे बायकांमधल्या वरच्या आवाजाची, चाल. नवखी आल्टो नकळत त्या चालीमागे जाते. आमच्याकडे अशी ओळ आधी बासबरोबर गाऊन पक्की करतात, सोप्रानो शेवटी मिसळतात.

शक्यतो मागच्या ओळीत, मधोमध उभं राहा. आवाज पुढे जातो, त्यामुळे पुढच्यांना तुमचा स्वर धरता येतो.

लांब स्वर असेल तर श्वास वाटून घ्या. शेजारच्या दोघींनी एकदम घ्यायचा नाही, आणि दोन शब्दांमधल्या फटीत तर नाहीच, कारण सगळ्यांना तिथेच घ्यावासा वाटतो. शेवटचा 'स्' कितव्या मात्रेवर सोडायचा तेही ठरवून प्रत्येकीच्या कागदावर पेन्सिलने लिहायला लावा, नाहीतर पंधरा साप एकामागून एक फुत्कारल्यासारखं ऐकू येतं. (आमच्या एका कार्यक्रमात झालंय.)

दुरुस्ती करताना नाव घेऊ नका. 'ही जागा सगळेच पुन्हा गाऊ' एवढं पुरतं. हजेरी, निरोप वगैरे ओघाने येतंच.

काही कॉयर शिकलेल्या गायकांना मानधन देऊन लीडर नेमतात. त्यांच्याकडून नोटेशन बघताक्षणी गाणं आणि गरज पडली तर एकल गाणं अपेक्षित असतं. हौशी कॉयरमध्ये तुमच्याकडून ती अपेक्षा बहुधा नसेल, तेव्हा त्याचा धसका घेऊ नका.

पुढच्या तालमीत एक गाणं स्वतः न गाता नुसतं ऐका. कोण शेजारणीकडे बघून सुरुवात करतं, कोण कुठल्या ओळीला हळूच गप्प होतं, ते टिपून ठेवा.