जळगावहून हॅमिल्टनला: पुरावाधारित वैद्यक आणि कर्करोग-संशोधनाचं करिअर

डॉक्टर भाऊ,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याहून एमबीबीएस आणि पीएसएममध्ये (सामाजिक आरोग्यशास्त्रात) एमडी झालंय, सध्या जळगावात कर्करोग रुग्णालयात नोंदींचं काम करताय. पुढे पुरावाधारित वैद्यक (संशोधनातला पुरावा तपासून उपचार ठरवायची पद्धत) शिकायला कॅनडात यावं की इंग्लंडात जावं, तयारी काय करावी, कागदपत्रं आणि पैसे कसे जमवावेत, आणि इकडे डॉक्टरकी करता येईल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळी गफलत तिथेच होते. कॅनडातल्या एमएस्सीने किंवा पीएचडीने रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही. त्यासाठी एमसीसीक्यूई पार्ट वन ही संगणकावरची परीक्षा, मग एनएसी ही प्रात्यक्षिक परीक्षा, मग कार्म्स या देशव्यापी जागावाटपातून रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची जागा. या जागांसाठी साधारणपणे पीआर (कायम रहिवासाचा हक्क) किंवा नागरिकत्वच लागतं, स्टडी परमिटवर तिथे अर्जसुद्धा करता येत नाही. इंग्लंडात प्लॅब या परीक्षेचे दोन भाग देऊन जीएमसी या तिथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी होते; वाट सरळ आहे, पण पुढे नोकऱ्यांसाठी रांग लांब. तेव्हा घरी आत्ताच सांगून टाका की संशोधक म्हणून जातोय. ‘पोरगा कॅनडात डॉक्टर’ म्हणून चोपडा गावात पेढे वाटून झाले की मग समजावत बसणं अवघड जातं.

संशोधनच करायचं असेल तर हॅमिल्टनचं मॅकमास्टर विद्यापीठ पहिल्या नंबरावर ठेवा. पुरावाधारित वैद्यकाचं ‘एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन’ हे नाव गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये इथूनच छापात आणलं, डेव्हिड सॅकेट यांनी इथला क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीचा (रुग्णांवरच्या संशोधनशास्त्राचा) विभाग उभा केला, आणि पुराव्याची खात्री किती हे ठरवायची ग्रेड पद्धतही बरीचशी इथेच घडली. इथे हेल्थ रिसर्च मेथडॉलॉजीची (आरोग्य-संशोधनाच्या पद्धतींची) एमएस्सी दोन प्रकारची आहे, नुसत्या कोर्सची आणि प्रबंधाची. तुम्ही प्रबंधाचीच घ्या. थोडाफार निधी मिळण्याची शक्यता तिथेच असते आणि गाईडच्या गटात नाव लागतं, जे पुढच्या नोकरीला डिग्रीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. कर्करोगावरच भर हवा असेल तर किंग्स्टनचं क्वीन्स विद्यापीठ बघा. कर्करोगाच्या उपचारांच्या चाचण्या चालवणाऱ्या कॅनेडियन कॅन्सर ट्रायल्स ग्रुपचं मुख्यालय तिथे आहे, आणि महागडी औषधं आयुष्य खरंच वाढवतात का, यावर नेटाने लिहिणारी मंडळीही तिथे आहेत. ऑक्सफर्डचा एव्हिडन्स-बेस्ड हेल्थ केअरचा एमएस्सी नावाजलेला आहे, पण तो अर्धवेळ आहे, एकेका आठवड्याचे मोड्यूल असतात. जळगावची नोकरी न सोडता शिकायचं असेल तर तो उत्तम. स्थायिक व्हायचा विचार असेल तर त्याचा उपयोग नाही.

आता तयारी. इथल्या प्राध्यापकांना रोज ढीगभर ईमेल येतात, त्यात ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा’ असलेले सगळे सारखेच. वेगळा दिसतो तो ज्याने एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, पारखून केलेला आढावा) पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट केलेला आहे. तो जळगावात बसून होतो, आणि प्रश्नही तुमच्याच ओपीडीतला घ्यावा: तोंडाचा कर्करोग, गुटखा, मिसरी.

पहिलं, प्रश्न घट्ट बांधा: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, कोणता परिणाम. मग प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, नोंदवा. ते फुकट आहे, पण अभ्यासांतली माहिती काढायला सुरुवात करण्याआधी नोंद करायची असते; काम उरकून नोंदवायला गेलात तर उपयोग नाही. स्कोपिंग रिव्ह्यू, म्हणजे विषयावर काय काय लिहिलंय याचा नुसता अंदाज घेणारा आढावा, तिथे घेतच नाहीत.

अभ्यासांचा शोध हा सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. नुसतं पबमेड धरून चालत नाही, एम्बेस आणि कॉक्रेनचं सेंट्रल हे वैद्यकीय लेखांचे संग्रहही हवेत. एम्बेस विकतचं आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत नसतं. म्हणून ज्याच्या ग्रंथालयात ते आहे असा एक सहलेखक सुरुवातीलाच जोडून घ्या. पबमेडमध्ये ठरावीक विषय-शब्दांवर विसंबू नका. गुटखा रोमन लिपीत एच घालून लिहितात आणि न घालताही. मिसरी, मिश्री, मशेरी अशी तीन रूपं तीन गावच्या लेखकांनी वापरलेली असतात. ही सगळी रूपं शोधात टाकली नाहीत तर नेमके भारतातलेच अभ्यास गळतात, आणि परीक्षक ते पहिल्या वाचनात पकडतो.

सापडलेल्या लेखांतून निवड दोघांनी एकमेकांचं न बघता करायची; रय्यान हे ऑनलाइन साधन त्यासाठी पुरतं. मतभेद झाले तर तिसरा. आपल्याकडे ज्युनिअरने चाळायचं आणि सरांनी नाव लावायचं अशी पद्धत आहे. मॅकमास्टरच्या मुलाखतीत ‘दुसरा रिव्ह्यूअर कोण, किती ठिकाणी तुमचं जुळलं नाही’ असं विचारलं की ती उघडी पडते. चाचण्यांमधला पूर्वग्रह मोजायला आरओबी टू ही तपासणी-यादी, त्यात पाच क्षेत्रं आहेत. प्रत्येकापुढे मूळ लेखातलं वाक्य उतरवून ठेवा, नुसता हिरवा-पिवळा ठिपका नको.

आकड्यांत एक चूक सर्रास होते. कर्करोगाच्या चाचण्यांत जगण्याचा कालावधी महत्त्वाचा असतो, तरी लोक आलेखावरून तीन वर्षांचे जिवंत-मृत मोजून रिस्क रेशो (दोन गटांतल्या मृत्यूच्या प्रमाणांचं गुणोत्तर) काढतात. मधेच पाठपुरावा तुटलेले रुग्ण त्यात चुकीचे धरले जातात. हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या मृत्यूच्या वेगाचं गुणोत्तर) घ्या, त्याचा लॉगरिदम घ्या, आणि प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) ९५ टक्क्यांच्या विश्वास-अंतरातून (कॉन्फिडन्स इंटरव्हल) काढा: वरच्या टोकाच्या लॉगमधून खालच्या टोकाचा लॉग वजा, भागिले ३.९२. उदाहरण टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या चाचणीचं घ्या. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की उमटल्यावर, हा त्यातला प्रश्न. हॅझार्ड रेशो ०.६४, अंतर ०.४५ ते ०.९२, यातून प्रमाण त्रुटी सुमारे ०.१८ येते. ही आकडेमोड आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला शिका, एक्सेलवर थांबू नका.

याच चाचणीवर मुलाखतीचीही तयारी होते. तीन वर्षांनी आधीच गाठी काढलेल्यांपैकी जिवंत होते ८० टक्के, आणि उमटल्यावर काढायचं ठरवलेल्यांपैकी ६७.५ टक्के. फरक साडेबारा, म्हणजे आधीच मान साफ केलेल्या दर आठ रुग्णांमागे एक जास्त जगला. एवढं तोंडी सांगता आलं पाहिजे. मग पुराव्यावरची खात्री कमी करणारी ग्रेडची पाच कारणं लावा: पूर्वग्रह, विसंगती, अप्रत्यक्षता, अचूकतेचा अभाव, प्रकाशनाचा कल. टाटाच्याच २०२२ च्या निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या चाचणीत नेहमीच्या मोठ्या डोसऐवजी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं होतं, तोंडी मेट्रोनॉमिक (थोड्या मात्रेत सतत चालणाऱ्या) केमोच्या जोडीला; तुलनेतल्या गटाला नुसती ही केमो. वर्षभराने जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. एकाच केंद्रातली, १५१ रुग्णांची चाचणी. खात्री किती द्याल, आणि तुलनेतला गट कॅनडातल्या रुग्णाला लागू पडतो का? याचं उत्तर रावेरच्या रुग्णासाठी वेगळं आणि टोरंटोच्या रुग्णासाठी वेगळं येईल. ते का, हे पाच मिनिटांत मांडता आलं तर तुमची निवड पक्की समजायला हरकत नाही. माझ्या मते हे काम आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या अर्ध्या बँडपेक्षा कितीतरी मोलाचं आहे, तरी लोक क्लासला पैसे आयेल्ट्ससाठीच घालतात.

जळगावच्या रुग्णालयातल्या नोंदी प्रबंधासाठी वापरायचा बेत असेल तर आत्ताच हालचाल करा. दोन्हीकडच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, परदेशी सहभाग असेल तर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही. पेन ड्राइव्हवर नोंदी घेऊन विमानात बसणं म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण, आणि इथलं विद्यापीठ तसल्या माहितीला हात लावत नाही.

कागदांत नावाचा घोळ ठरलेला. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट (गुणांचे अधिकृत उतारे) मागवण्याआधी अॅफिडेव्हिट करून ठेवा. बॉण्ड सेवा (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) पूर्ण झाल्याचं पत्र हातात नसेल तर मूळ प्रमाणपत्रं अडकतात. शिफारसपत्राची लिंक विद्यापीठ सरांच्या संस्थेच्या ईमेलवर पाठवतं. सर फक्त जीमेल वापरत असतील तर आधी कॉलेजचा पत्ता चालू करून घ्यायला सांगा. सप्टेंबरच्या सत्राचे अर्ज बहुतेक आदल्या हिवाळ्यातच बंद होतात.

पैशांचं: कॅनडाच्या स्टडी परमिटला १५० डॉलर फी, बायोमेट्रिक्सचे ८५. फीशिवाय राहण्याखाण्यासाठी एकट्याला दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे. इंग्लंडला व्हिसा फीवर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. कापसाचे किंवा केळीचे पैसे आले तसे आदल्या आठवड्यात खात्यात भरले, मधे एक दिवस शिल्लक खाली गेली, की अर्ज फेटाळलाच. पैसा कुठून आला याचा कागद सोबत ठेवा: शेतजमीन विक्रीचा दस्त, एफडीची पावती, कर्जमंजुरी.

वहिनींच्या वर्क परमिटचंही विचारलंत. २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट मिळायला अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा लागतो. प्रवेशपत्रावर कालावधी काय छापलाय ते बघूनच होकार कळवा. १२ महिन्यांचा असेल तर त्यांना या मार्गाने परमिट मिळणार नाही.