डबा उलटा करून वाचा

कराडच्या ताईंचा प्रश्न असा आहे: नवं पार्लर टाकलंय. सप्लायर 'नॅचरल काळी मेहंदी' आणि 'फॉर्मल्डिहाइड-फ्री केराटिन' गळ्यात मारतोय, वर गिऱ्हाइकं 'क्रुएल्टी-फ्री आहे का', म्हणजे सशांसारख्या प्राण्यांवर तपासलेलं नाही ना, म्हणून विचारतात. यातलं काय बिनधोक आणि काय मनाला पटणारं? बऱ्याच जणींनी ब्रँडची नावं सुचवलीत. मी एकही सांगणार नाही. सांगलीत विश्रामबागला 22 वर्षं पार्लर चालवतेय, डबे बदलत गेले, भानगडी त्याच राहिल्या.

आधी मेहंदीचं. मेहंदीच्या पानातला रंग, लॉसोन, हा केशरी-तांबडाच असतो. नुसत्या मेहंदीने पांढरा केस काळा होतच नाही. मेहंदीवर नीळ लावली, म्हणजे निळीच्या पानांची पूड, तर काळपट होतो, पण त्यात अर्धा दिवस जातो. अर्ध्या तासात केस कुळकुळीत करणारी पुडी असेल तर तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी असतं, पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे केसांच्या डायमधलं रसायन. पुढे हिरवं पान छापलेलं का असेना. आपण सांगलीची माणसं हळद घेताना तळहातावर चोळून, वास घेऊन बघतो आणि डोक्याला लावायची पुडी चित्र बघून घेतो!

माझ्या हातून झालेलं सांगते. लग्नसराईत आमच्या एक नेहमीच्या काकू आल्या. पाच-सहा वर्षं तीच पुडी लावत होत्या. "अगं टेस्ट कसली करतेस, मी काय आज आलेय का?" घाईत होत्या, मीही ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन. घरी जाऊन बघते तर पापण्या सुजून डोळे मिटलेले, कानामागून पाणी झिरपतंय, कपाळावर केसांच्या कडेने लाल पट्टा. त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठवड्याने उतरलं. भाचीच्या हळदीला काकू काळा गॉगल लावून बसल्या होत्या. त्या अजून हसून सांगतात, मला अजून हसू येत नाही.

ही ॲलर्जी पहिल्याच वेळी यावी असं नसतं. लावत लावत शरीर त्या रसायनाला ओळखायला लागतं आणि एक दिवस उसळतं. त्यामुळे 'इतकी वर्षं काही झालं नाही' याला अर्थ नाही. दर वेळी कानामागे ठिपका लावायचा आणि 48 तास थांबायचं. खाज आली की तो रंग त्या डोक्याला कायमचा बंद. कायद्यानेच अशा डायवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापावा लागतो: आधी चाचणी करा, भुवयांना-पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो. 'उरलाय तर भुवईला फिरव' म्हणणारी बाई रोज एक तरी येते. सरळ नाही म्हणा.

आता केराटिन, म्हणजे क्रीम लावून गरम इस्त्रीने केस सरळ, गुळगुळीत करायचं काम. 'फ्री' शब्दावर जाऊ नका, डबा उलटा करा. मिथिलीन ग्लायकॉल लिहिलं असेल तर ते पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच, मुळात वायू. गरम इस्त्री फिरली की ते धुरातून बाहेर येतं, आणि फॉर्मल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध आहे. ते नसेल तर आजकाल ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. फ्रान्सच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये 26 वर्षांच्या एका बाईची हकिगत छापली. तिने तीनदा सलूनमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा किडनीला मार बसला. क्रीममध्ये हे ॲसिड 10 टक्के होतं. शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि खडे किडनीत अडकतात.

गिऱ्हाईक चार-सहा महिन्यांतून एकदा येतं. माझ्याकडे मिरजेहून येणारी मुलगी दिवसाला दोन-दोन डोकी करायची. ओढणी नाकाला बांधायची, डोळे चोळत इस्त्री फिरवायची आणि मला वाटायचं, हिला सर्दी आहे. चार दिवस सुट्टीवर गेली की खोकला बंद, आली की सुरू. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कापडाने किंवा साध्या मास्कने तो वायू अडत नाही. मी हे केस सरळ करायचं कामच बंद केलं. लग्नसराईत चांगलाच फटका बसला, खोटं कशाला बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने केशकर्तनाचा व्यवसायच 'बहुधा कॅन्सरकारक'च्या यादीत घातलाय. गिऱ्हाइकं सशांबद्दल विचारतात ते चांगलंच आहे, पण ताई, इस्त्री धरणारीचाही विचार करा. रंग लावताना आणि धुताना, दोन्ही वेळा नायट्राइलचे हातमोजे. धुताना काढतात आणि तिथेच बोटं फुटतात.

सशांचं म्हणाल तर भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी 2014 पासून बंद आहे, आणि तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही त्याच वर्षी बंदी आली. त्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नका. खरा प्रश्न मला आमच्या जैन गिऱ्हाइकांनी विचारला: "केराटिन कशाचं असतं गं?" लोकर, पिसं, शिंगं-खुरं यांचं. 'व्हेज केराटिन' म्हणजे बहुधा गव्हाचं नाहीतर सोयाचं प्रोटीन, खरं केराटिन नव्हेच. विचारणारीला मी दोन्ही सांगते, मग ती ठरवते.

सप्लायरकडून पक्कं बिल घ्या. डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर परत. सुट्या बरणीतलं क्रीम फुकट दिलं तरी नको. ऐकला नाही तर साताऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं नाव काढा.

आणि एक कळवा, तुमच्या गाळ्याला मागे खिडकी आहे का? एक्झॉस्ट कुठे आणि किती उंचीवर लावायचा, ते त्यावर सांगते.